पाच दिवसांचा सराव एका दिवसात

शुक्रवारी सकाळी शर्वरी जगदाळे खाटेवरून उठायला गेली आणि "आई गं!" म्हणून पुन्हा आडवी झाली. मांड्या नुसत्या ठणकत होत्या. आणि रविवारी जिल्ह्याची अंतिम लढत! कोळेवाडीच्या मुलींच्या खो-खो संघाची ती कर्णधार. कर्णधारालाच चालता येईना म्हटल्यावर झालं का कल्याण!

घोटाळा यात्रेपासून सुरू झाला होता. कोळेवाडीच्या यात्रेत शाळेच्या मैदानावरच पाळणे उभे राहतात, त्यामुळे पाच दिवस सराव बंद. मुलींनी पाळण्यांत बसून मनसोक्त आरडाओरडा केला, जिलेबी हाणली. गुरुवारी मैदान मोकळं झालं, तेव्हा शर्वरीने हुकूम सोडला, "रोजच्या वीस फेऱ्या, पाच दिवसांच्या शंभर. आजच भरून काढायच्या!" बिचाऱ्या मुलींनी काढल्याही. बाईसाहेबांनी स्वतः तर दीडशे मारल्या. कर्णधार ना!

"पण आत्या, एक कळत नाही," ती रडवेली होऊन म्हणाली. "माझ्या वरच्या पन्नास सोड. रोज वीस धावले तर काही होत नाही. पाच दिवसांच्या फेऱ्या एका दिवसात धावले तर अंग का मोडून येतं? बेरीज तर तीच!"

उज्ज्वलाआत्या यात्रेसाठी पुण्याहून आली होती. ती तिथल्या प्रयोगशाळेत शरीरशास्त्रज्ञ. सन २०५१ मध्येही माहेरची यात्रा काही तिला चुकवता येत नसे. तिने पर्समधून चिंचोक्याएवढा एक यंत्रमानव काढला आणि शर्वरीच्या मांडीवर चिकटवला.

"हा निरोप्या. आपल्या पेशी एकमेकींना रासायनिक निरोप धाडतात. हा ते ऐकतो आणि आपल्या भाषेत सांगतो."

"नमस्कार, ताई," निरोप्या बारीक आवाजात बोलला. "अबब! इथे केवढा गलका चाललाय! स्नायूंचे बारीक धागे शेकड्यांनी उसवलेत. 'सैनिकांनो, इकडे या' असे निरोप सगळीकडे सुटलेत. पांढऱ्या पेशी (रोगांशी लढणाऱ्या आणि मोडतोड साफ करणाऱ्या पेशी) गर्दी करून आल्यात. यालाच दाह (इजा झालेल्या जागी येणारी सूज, ऊब आणि ठणका) म्हणतात."

"म्हणजे मला रोग झाला?" शर्वरीच्या तोंडचं पाणी पळालं.

"छट! दुरुस्ती चाललीये," आत्या हसली. "दाह आपला शत्रू नाही गं. पण त्याला वेळ लागतो. आता गंमत ऐक. तू रोजच्या वीस फेऱ्या धावतेस ना, तेव्हाही स्नायू एक निरोप पाठवतात. त्याचं नाव इंटरल्युकिन-सहा (पेशींचा एक रासायनिक निरोप). त्यामागून दुसरा निरोप निघतो, 'शांत व्हा, सगळं ठीक आहे.' बेताच्या व्यायामाने शरीर असं रोज स्वतःला शांत करायला शिकतं. महिनोन्महिने असं केलं की शरीरातला उगाचचा दाह कमी होतो."

"आणि काल?"

"कालही इंटरल्युकिन-सहाच निघालं, ताई," निरोप्या मध्येच बोलला, "पण ढिगाने. शिवाय सोबत इजेची वर्दी देणारे निरोप. म्हणून त्याच हाकेचा अर्थ बदलला."

शर्वरीने बोटांवर दिवस मोजले. मग ताडकन म्हणाली, "म्हणजे पाच दिवसांत शरीराला शांत व्हायला पाच वेळा सवड मिळते. मी एकदाही दिली नाही!"

"शाब्बास! बेरीज तीच, पण मधल्या रात्री तू खाऊन टाकल्यास. जोराचा व्यायाम वाईट नाही हं. तो हळूहळू वाढवायचा. अति दमल्यावर सर्दी-पडसंही लवकर पकडतं म्हणतात, पण त्यावर आम्ही शास्त्रज्ञ अजून भांडतोय."

तेवढ्यात शर्वरीला आठवलं. आज संध्याकाळी पुन्हा शंभर फेऱ्या मारायला तिने सगळ्यांना बोलावलं होतं! संध्याकाळ होताच ती लंगडत लंगडत मैदानावर पोचली. मुली रांगेत उभ्या होत्या, कण्हत आणि मनातल्या मनात तिला शिव्या देत. सगळ्यांसमोर चूक कबूल करणं तिच्या जिवावर आलं होतं. तरी ती म्हणाली, "माझं चुकलं. आज कोणी धावायचं नाही. तळ्यापर्यंत गप्पा मारत चालत जाऊ, मग घरी जाऊन जेवायचं आणि झोपायचं."

"कर्णधार असावी तर अशी!" फातिमा मुलाणी ओरडली. ही संघातली राखीव खेळाडू. मुलींमध्ये एकच हशा पिकला.

रविवारी सकाळी निरोप्या पुसून पुसून सगळ्यांच्या मांड्यांवर फिरला. "शांत... शांत... इथे थोडी कुजबुज, पण चालेल..." शेवटी शर्वरीची पाळी. निरोप्या जरा घुटमळला. "ताई, गलका कमी झालाय, पण अजून आहे. दीडशे फेऱ्या मारल्यात तुम्ही."

शर्वरीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. वर्षभर या दिवसाची वाट पाहिली होती तिने. खोटं बोलून खेळता आलं असतं, खो-खोच्या सरांना कुठे कळणार होतं? पण ती सरांकडे गेली आणि म्हणाली, "सर, माझ्या जागी फातिमाला घ्या."

आणि काय सांगू, त्या दिवशी फातिमा काय खेळली! कडेला बसून शर्वरीने ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. शेवटच्या डावात गुण बरोबरीत, दहा सेकंद शिल्लक, समोरच्या संघाची एकच मुलगी मैदानात. पाठीमागून "खो!" आला, फातिमा उठली, खांबाकडे झेपावली आणि त्या मुलीच्या पाठीला तिचा हात लागला. शिट्टी वाजली. जिंकलो!

"आज एकच निरोप्या आहे," आत्या टाळ्या पिटत म्हणाली. "उद्या प्रत्येक शाळेच्या मैदानावर असेल. मुलं धावतीलही आणि कधी थांबायचं तेही त्यांना कळेल."

शर्वरीला ते ऐकूच गेलं नाही. ती मुलींना मिठी मारायला उठली, दोन पावलं धावली आणि मांडी धरून जागीच थांबली. मग मैदानावरून सगळ्या जणीच तिच्याकडे धावत सुटल्या, आणि सगळ्यांत पुढे फातिमा होती.