शेजारची जागा

रथसप्तमीच्या आधीचा रविवार. राइट टाउनमधल्या मराठी मंडळाच्या हॉलात सगळ्या लेकरांचं एकत्र बोरन्हाण होतं, आणि रुचिरा दारातच अडकली. कारण तिच्या पुढे एक उंच माणूस अडवला गेला होता. कडेवर काळ्या फ्रॉकमधली तीन वर्षांची मुलगी, तिच्या गळ्यात घरी ओवलेला हलव्याचा वाकडातिकडा हार, आणि त्याच्या हातातल्या पिशवीत बोरं... पेरूएवढी!

"भैया, बाळाची आई कुठे आहे?" कुंदाकाकूंनी विचारलं. मंडळात त्यांच्या परवानगीशिवाय सतरंजीसुद्धा उलगडत नसे.

"ती बंगलोरला असते, काकू. आम्ही वेगळे झालो, समिधा माझ्याजवळ असते. मी चालेल का?"

रुचिराला हसू फुटलं. त्यानं वळून पाहिलं.

"काहून हसून राहिल्या तुम्ही?"

"ही बोरं लेकरांच्या डोक्यावर टाकणार? एकेकाला टेंगूळ येईल."

"अच्छा... लहान आणायची असतात?" तो ओशाळला. "ठेलेवाला म्हणाला, बड़े वाले ले जाओ साहब, मीठे हैं."

तिनं आपल्या पिशवीतली चिमुकली बोरं मूठभर काढून त्याच्या ओंजळीत घातली. आई गेल्यापासून मंडळाला बोरं पुरवायचं काम तिच्याकडे आलं होतं. बोरं द्यायची, तिळगूळ घ्यायचा आणि कोणी काही विचारायच्या आत घरी पळायचं, हा तिचा शिरस्ता. आज मात्र पाय निघेना.

समिधाची पाळी आली. बाकीची लेकरं आयांच्या मांडीवर बसली होती. कुंदाकाकूंनी पाटाकडे बोट केलं. "रुचिरा, तू बस हिला घेऊन. तेवढीच तुझीही मांडी भरेल."

"नको, काकू."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मूल नको म्हणून हिचा संसार मोडला, हे तिथल्या प्रत्येकीला पाठ होतं. लग्नाआधीच तिनं नवऱ्याला स्पष्ट सांगितलं होतं, आणि बायको झाल्यावर बदलेल असं त्यानं परस्पर ठरवलं होतं, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात तो माणूस पँट वर सरकवून पाटावर मांडी ठोकून बसला, लेकीला मांडीवर घेतलं आणि म्हणाला, "टाका काकू. माझ्याही डोक्यावर टाका."

बोरं, चुरमुरे, गोळ्या धो धो पडल्या. समिधा खिदळली. त्याच्या कानामागे एक चुरमुरा अडकून राहिला, हे कोणी त्याला सांगितलं नाही. रुचिरा सारखी त्या चुरमुऱ्याकडे बघत होती...

त्याचं नाव आल्हाद. फॅक्टरीत इंजिनियर. पुढे रविवारी समिधा दुपारी झोपली की त्याचा फोन यायचा. रुचिरा नेपियर टाउनला एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर एकटी राहायची. आठवडाभर खालून पोरांचा गलका यायचा; रविवारी क्लास बंद, आणि घर नुसतं खायला उठायचं. आता मात्र ती रविवारची वाट बघू लागली.

"आज वेणीला जरा जास्तच तेल लागलं," तो सांगायचा. "पोरगी चमकून राहिली."

"तुमची की तिची चूक?"

"तेलाची!"

मग एक दिवस कुंदाकाकू भाजीबाजारात भेटल्या. "चांगलं जमून राहिलं तुमचं. लेकराला आई मिळेल, तुला लेक. भगवान ने सुन ली."

रुचिरा घरी आली आणि फोन बंद करून बसली. समिधा तिला आवडत होती, पण आई व्हायचं नव्हतं. तेव्हा नव्हतं, आजही नव्हतं. याही माणसाला मनातून तेच हवं असेल तर? पुन्हा कोणीतरी तिच्या बदलण्याची वाट बघत बसणार... त्यापेक्षा एकटेपणा बरा, असं तिनं स्वतःला बजावलं आणि दोन रविवार उशीत तोंड खुपसून काढले.

तिसऱ्या रविवारी बेल वाजली. दारात आल्हाद, हातात पिशवी.

"समिधा आत्याकडे आहे," तो म्हणाला. "फोन काहून बंद?"

तिनं दार पूर्ण उघडलं नाही. "मला आई व्हायचं नाही, आल्हादजी. कोणाचीच. आज नाही, उद्याही नाही. तुम्ही लेकीसाठी आई बघत असाल, तर—"

"समिधाला आई आहे. रोज व्हिडिओवर दोघी भांडतात. अन् इथं मी आहे, अख्खा बाप." तो पिशवीचे बंद बोटांना गुंडाळत राहिला. "माझी मांडी रिकामी नाही, रुचिरा. शेजारी... शेजारी जागा आहे. ती निजली की घरात बोलायला कोणी नसतं."

रुचिराला एकदम रडू आलं. इतक्या दिवसांत तिच्यासारखंच कोणी एकटं असेल, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"आणि ती मला काय म्हणेल?"

"रुचिरा म्हणेल. चांगलं तर आहे नाव."

"अन् मी बदलले नाही तर?"

"तर मला काही टेंगूळ येणार नाही." त्यानं पिशवी उघडली. तशीच पेरूएवढी बोरं. "ही खायची. डोक्यावर नाही टाकायची."

खालचा क्लास बंद होता, जिना सामसूम होता. तो वरच्या पायरीवर बसला आणि जरा सरकला. रुचिरानं डोळे पुसले, दार तसंच उघडं ठेवलं आणि त्याच्या शेजारी जाऊन बसली. बोर खरंच गोड होतं.