न घेतलेलं नाव

बाजाराच्या दिवशी बारामतीच्या एसटी स्टँडवर गेणूबा एक खोटं बोलला आणि तिथूनच सगळं सुरू झालं.

रिकामं टोपलं काखेला मारून एक बाई त्याच्याशेजारी येऊन उभी राहिली. चाळिशी उलटलेली, कपाळ मोकळं, पण डोळे मोठे खट्याळ. समोरच्या गाडीकडे हात करून तिनं विचारलं, "अवो पाव्हणं, ही इंदापूरकडं जानारी का?"

गेणूबानं उभा जन्म मेंढरं राखली होती. आता मेंढरं विकून पाटाच्या पाण्यावर वांगी लावली होती, पण अक्षरओळख म्हणाल तर शून्य. तरी त्या डोळ्यांपुढं "मला वाचता येत न्हाय" म्हणायला त्याची जीभ रेटेना. त्यानं डोळे बारीक करून गाडीवरचा बोर्ड पाहिला, मान डोलावली.

"व्हय तर. इंदापूर. लिवलंय की ढळढळीत!"

त्यालाही तिकडंच जायचं होतं, तोही तिच्यामागं चढला. गर्दीतून वाट काढत कंडक्टर त्यांच्यापर्यंत आला, तेव्हा कऱ्हाटी जवळ आली होती. म्हणजे पार उलट्या दिशेला! दोघांना उतरवून गाडी धुरळा उडवत निघून गेली. बाई शिव्या देईल म्हणून गेणूबा मान खाली घालून उभा राहिला. पण ती टोपलं पालथं घालून त्यावर बसली आणि पोट धरून हसली. मग परतीची गाडी येईपर्यंत लिंबाखाली बसून तिनं आपल्या फडक्यातली अर्धी भाकरी त्याला दिली.

"खावा. वाचून वाचून दमला असाल."

एवढं हसणारं माणूस गेणूबानं बायको गेल्यापासून पाहिलं नव्हतं. परत येताना कळलं, दोघंही कळंबच्याच फाट्यावर उतरणार. ती म्हाळसा. नवरा वारल्यावर लोणी भापकर सोडून नुकतीच भावाकडे, सिद्धूकडे, राहायला आली होती.

स्वराज्य येऊन आठ-दहा वर्षं झाली होती. त्याच महिन्यात कळंबात मोठ्या माणसांसाठी लिहायला-वाचायला शिकवणारा वर्ग निघाला. दिवेलागणीला चावडीत कंदील लागायचा. बाप्ये एका अंगाला, बाया दुसऱ्या. गेणूबा पहिल्याच दिवशी पाटी घेऊन हजर झाला, तर समोर म्हाळसा!

"अगं बाई! इंदापूर वाचनारं पाव्हणं हितं कसं?"

"उजळनी कराया आलो," गेणूबा म्हणाला. सगळी चावडी हसली, आणि म्हाळसा पदराआड जरा जास्तच वेळ हसत राहिली.

मग काय! गेणूबा रोज धुवट पटका बांधू लागला. म्हाळसाचा खडू संपला की आपला अर्धा मोडून द्यायचा. द्यायच्या वेळी बोटाला बोट लागायचं... दोघंही मग भलत्याच अक्षराकडे बघत बसायची.

पण त्याच वर्गात सोनबा होता. त्याचीही बायको वारलेली, मिशी पिळदार, गळा गोड. शनिवारी रामहरी मास्तर अभ्यासाला सुट्टी देऊन कोडी आणि ओव्यांचा खेळ मांडत. सोनबा ओवी गायला लागला की बाया माना डोलवायच्या. म्हाळसाही डोलवायची. गेणूबा तेव्हा कोरीच पाटी खसाखसा पुसायचा.

एका शनिवारी मास्तरांनी नवा खेळ काढला. फळ्यावर वर्गातल्यांचीच नावं लिहायची आणि ज्याला उभं करतील त्यानं वाचायची. म्हाळसा उठली.

"धोंडाबाई," तिनं वाचलं. मग, "सोनबा." इतकं गोड, इतकं स्पष्ट, की सोनबानं मिशीवरून हात फिरवला. मग मास्तरांनी लिहिलं — गेणू.

म्हाळसानं फळ्याकडे पाहिलं. मान खाली घातली. "येत न्हाय."

"अहो, गवतातला ग, बाणातला ण..."

"न्हाय येत मास्तर. फुडचं लिवा."

पुढच्या शनिवारी तेच. त्याच्या पुढच्या शनिवारीही तेच. सोनबा मात्र तिला लख्ख वाचता येत होता! "बगा गेणूबा," घरी जाताना सोनबानं टोमणा मारला, "आमचं नाव कसं बसलंय त्यांच्या तोंडात! सिद्धूकडं बोलनी करावी म्हंतो." गेणूबाच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यानं वर्गाला जाणंच सोडलं. पटका चुरगळला, वांग्यांना पाणी द्यायचंही राहिलं, आणि राग कुणावर काढावा ते न कळून त्यानं आपल्याच बैलाला दोन शिव्या हासडल्या.

पाचव्या दिवशी म्हाळसा त्याच्या बांधावर आली.

"शाळा बुडवताय?"

"तुमाला काय त्याचं? सोनबा हाय की."

"सोनबाचं हितं काय?"

"त्याचं नाव बरं घेता! सोनबा, सोनबा... माझंच नाव कडू लागतं व्हय?"

म्हाळसा त्याच्याकडे बघतच राहिली. "सोनबाचं काय, सोनबाच्या म्हशीचं बी नाव घेईन मी. भ्या कुनाचं?"

"मग माझं?"

"तुमचं... तुमचं कसं घिऊ?" तिचा आवाज एकदम खाली आला. कान लाल झाले. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली. "पैलं घ्येत हुते. आता जीभ वळत न्हाय. दादा बी वाट बगतोय. आता तुमी पाटाचं काय ते बगा."

"पाटाचं व्हय?" गेणूबा पाण्याकडे बघत रागातच म्हणाला. "पाटाला पानी शुक्रवारी सुटनार हाय."

म्हाळसानं कपाळावर हात मारला आणि तरातरा निघून गेली.

गेणूबा बांधावर उभा. पाटाचं बगा... दादा वाट बगतोय... नाव कसं घिऊ... आणि मग एकदम डोक्यात उजेड पडला. त्यांच्यात विधवेचं दुसरं लग्न व्हायचं, त्याला पाट लावणं म्हणत. आणि बाई नाव घेत नाही ते फक्त एकाच माणसाचं! जो अर्थ गावातल्या शेंबड्या पोराला कळला असता, तो या बाबाला तीन शनिवार कळला नव्हता. खुरपं तिथंच टाकून तो चिखलाच्या पायांनी सिद्धूच्या दारात जाऊन उभा राहिला.

शनिवारी चावडी गच्च भरली. सिद्धूनं होकार दिल्याचं गावभर झालं होतं. सोनबा कोपऱ्यात मिशीचा पीळ सोडून बसला होता. मास्तरांनी गालात हसत फळ्यावर लिहिलं — गेणू.

"वाचा म्हाळसाबाई."

"येत न्हाय," ती म्हणाली.

"तसं वाचू नगं," धोंडाबाई ओरडली. "रीतीनं घ्ये की नाव!"

बायांनी गलका केला. म्हाळसा उठली. तिनं फळ्याकडे पाहिलंच नाही. थेट गेणूबाकडे पाहिलं, तेच स्टँडवरचे डोळे.

"इंदापूरला निघाले, आलं कऱ्हाटी गाव...
गाडी ज्यांनी चुकीवली, गेणूराव त्यांचं नाव!"