पंगतीतलं चौथं ताट

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचायचीच असती, तर नवरदेव जरा देखणा घेतला असता.

नवरदेव म्हणजे माझा नवरा, हनुमंत. साल १९९७, मे महिना, आमच्या हळदीच्या दोन दिवस आधीची संध्याकाळ. जागा, मिरजगावच्या पुढं सीना धरणाचा काठ. त्या संध्याकाळी तिथं असलेली तिन्ही माणसं आज हयात आहेत. तिघांना वेगवेगळं गाठून विचारलंय मी.

तिघंही एकच सांगतात.

तेव्हा तो माझा कुणी नव्हता, म्हणून 'तो'च म्हणते.

तर, हनुमंताला लग्नच नको होतं.

माझ्याशी नको असं नव्हे. मला त्याने धड पाहिलंही नव्हतं. पण जानेवारीत त्याचा जिवलग दोस्त गहिनीनाथ कोल्हारकडं ऊसतोडीला गेला आणि उसाच्या गाडीखाली सापडला. निरोप येईपर्यंत तिकडंच माती उरकली होती. हनुमंताला तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. तेव्हापासून त्याचं एकच पालुपद.

"गहिन्याबिगर मी बाशिंग बांधनार न्हाई."

माझ्या सासूबाई, कडूबाई, रडून थकल्या. शेवटी त्यांनी उरलेल्या दोन दोस्तांना बोलावलं. भिमाजी, ज्याच्याकडं टेम्पो होता. आणि श्रीमंत, ज्याच्याकडं नावाशिवाय काही नव्हतं.

"घिऊन जा त्याला कुटंतरी," त्या म्हणाल्या. "मानसात आनून सोडा."

श्रीमंत कॉलेजात असताना एन.सी.सी.त होता. त्याने लगेच जाहीर केलं, "कॅम्प करू! याचं केळवन आपन धरनावर घालू."

कॅम्प म्हणजे टेम्पोवरची ताडपत्री आणि बाभळीची दोन लाकडं. तंबू पुन्हा पुन्हा पडला. शेवटी तर श्रीमंताला आत घेऊनच पडला. आतून आवाज आला, "हाय का कुनी?"

"असाच ऱ्हा," भिमाजी म्हणाला. "मटन शिजलं की उठवतो."

हनुमंत हसला नाही. तो पाण्याकडं तोंड करून बसला होता.

मटण शिजलं. भाकरी घरून आणल्या होत्या. सूर्य टेकला तशी भिमाजीने जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, ताटं मांडायला घेतली. ओळीत. एक, दोन, तीन...

चार.

लहानपणापासूनची सवय. हात थांबलाच नाही.

भिमाजी खाली मान घालून चौथं ताट उचलायला वाकला, तेवढ्यात हनुमंत म्हणाला, "ऱ्हाऊ दे. वाढ त्यालाबी."

आता, गेलेल्या माणसाचं पान आपल्याकडं वेगळं ठेवतात. लांब, दक्षिणेकडं. जित्या माणसांच्या पंगतीत त्याला बसवत नाहीत. कारण पंगतीचा कायदा साधा आहे. शेवटच्या माणसाचं होईपर्यंत कुणी उठायचं नाही.

तिघांनाही हे ठाऊक होतं.

तरी वाढलं.

"गहिन्या असता तर आजून पयल्याच भाकरीवर असता," श्रीमंत म्हणाला. खरंच होतं ते. गहिनीनाथ गाय रवंथ करते तसा जेवायचा. मटणातल्या नळीची तर पूजाच मांडायचा. ताटाच्या काठावर ती आपटून आपटून आतला गर काढायचा. बाकीचे वाळल्या हाताने त्याला शिव्या देत बसायचे.

पाण्याच्या कडेला टिटवी ओरडत होती.

ती थांबली...

वारा पडला. चुलीतला धूर काठीसारखा सरळ उभा राहिला.

आणि...

टक्.

श्रीमंताचा घास हातातच राहिला.

टक्... टक्...

"भिम्या, गंमत करू नगंस."

भिमाजीने दोन्ही हात वर केले. एकात भाकरी, दुसरा रश्श्याने माखलेला.

चौथ्या ताटातली भाकरी तशीच होती. रस्सा तसाच. आवाज मात्र त्याच ताटाच्या काठावरून येत होता.

"पन..." भिमाजीने आपल्या ताटात पाहिलं. "पन त्याला नळी दिलीच न्हाई मी. माझ्या ताटात हाय."

टक्.

भिमाजीने आपल्या ताटातली नळी उचलली आणि तिथं ठेवली. "घे बाबा. जिता हुतास तवाबी माझीच खाल्लीस."

आपटणं थांबलं.

मग चोखल्याचा आवाज आला. सावकाश...

श्रीमंत देवाचा धावा करायला गेला. तोंडातून "हनुमंता, हनुमंता" एवढंच निघालं.

"काय रं?" नवरदेव म्हणाला.

तो हसत होता. पाच महिन्यांत पहिल्यांदा. त्या रिकाम्या जागेकडं वळून तो बोलायला लागला. "आलास व्हय? लई उशीर केलास गड्या. पोरगी नगरची हाय. रोज पेपर वाचती म्हनं. माझं कसं हुयाचं?"

अंधार पडला. हात वाळले. चोखणं काही थांबेना.

"हन्मंता, ऊठ. चल," श्रीमंत कुजबुजला.

"त्याचं हुऊ दे."

"आरं, त्याचं आता कधीच हुयाचं न्हाई!"

"मग मीबी हितंच बसतो. तुमी जा."

इथं माझं लग्न मोडत होतं. आणि मी नगरला बसून बांगड्या भरत होते.

भिमाजी, एवढा पहाडासारखा गडी, हुंदके द्यायला लागला. "गहिन्या, सोड की रं त्याला. परवा हळद हाय त्याची. म्हातारी वाट बगतीय."

चोखणं थांबलं.



हनुमंताने खाली पाहिलं.

नळी त्याच्या ताटात होती.

कुणी ठेवली, कुणी पाहिलं नाही. आतला गर भरलेला होता, जसाच्या तसा. जन्मात कुणाला नळी न दिलेल्या माणसाने ती नवरदेवाला वाढली होती.

केळवण होतं ना.

"खाऊ नगं!" श्रीमंत ओरडला. "मेलेल्याचं उष्टं हाय!"

हनुमंताने ती खाल्ली. सगळी. डोळ्यांतलं पाणी हनुवटीवरून ताटात पडत होतं. मग त्या रिकाम्या जागेला हात जोडून, पंगतीतून नाइलाजाने आधी उठणारा माणूस म्हणतो तेच तो म्हणाला.

"सावकाश हुऊ दे गड्या... मग ये घरी."

आणि उठला.

टेम्पोत बसेपर्यंत कुणी मागं पाहिलं नाही. ताटं, ताडपत्री, सगळं तिथंच. मागून मात्र पुन्हा सुरू झालं होतं...

टक्.

लग्न ठरल्या दिवशी झालं. बाशिंग बांधून उभा राहिला तो, मुकाट्यानं.

हे सगळं मला कळलं ते कितीतरी वर्षांनी, सासूबाई गेल्यावर. मी चिडलेच. "मेलेल्या माणसाला घरी ये म्हणालात?"

"त्याला न्हाई तर कुनाला म्हनू?"

"भीती नाही वाटली?"

"वाटली की," हे म्हणाले. "आला न्हाई तर काय, याची."

तेव्हा उलगडलं, दरवर्षी मे महिन्यातल्या त्या एका रात्री हे दाराला कडी का घालू देत नाहीत ते. मला वाटायचं, उकाड्यामुळं.

आता आमचा मुलगा लग्नाचा झालाय. पण त्या रात्री दार अजून नुसतं लोटलेलं असतं. हे गाढ झोपतात, लेकरासारखे.

मी जागी असते...

दाराकडं बघत.