तिसऱ्या सिलिंडरचा आवाज

गाडी आता कुठंय, असं तुम्ही विचारलं म्हणून सांगतो. शेडमध्येच आहे. ताडपत्री टाकलीय तिच्यावर.

मे महिन्यातली गोष्ट. माझा धाकटा भाऊ हरिओम लातूरच्या एका दवाखान्यात, आयसीयूत होता. आदल्या दिवशी देगलूरहून उदगीरला परत येताना त्याची गाडी रस्त्याच्या कडेला, लिंबाखाली उभी सापडली. इंजिन चालू, आणि हरिओम स्टेअरिंगवर डोकं टेकून बसलेला. अंगावर ओरखडा नाही, गाडीला कुठं पोचा नाही. पण हाक मारली तर ओ देत नव्हता.

डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "स्कॅनमध्ये काही दिसत नाही. गाडी जुनी आहे म्हणता ना? सायलेन्सरचा धूर आत येत असेल तर माणूस असाच बेशुद्ध पडतो. तेवढं तपासून कळवा. उपचाराला दिशा मिळेल."

बाकावर पुनम बसली होती, हरिओमची बायको. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

"भाऊजी, काही बी करा," एवढंच म्हणाली.

मी ट्रॅक्टर दुरुस्त करणारा माणूस. देगलूर रस्त्याला, उदगीरच्या बाहेर माझं पत्र्याचं शेड आहे. लोकांनी गाडी ओढत तिथं आणून लावली होती. दोन दारांची, जमिनीला टेकल्यासारखी बुटकी, एकेकाळी लाल असलेली स्पोर्ट्स कार. हरिओमनं ती हैदराबादकडच्या एका दलालाकडून घेतली होती. आधी किती जणांच्या हातून गेली, कुणालाच माहीत नव्हतं. इंजिनात ठोका येतो म्हणून तो मिस्त्री शोधत हिंडायचा. त्या दिवशी देगलूरलाही त्याचसाठी गेला होता. माझ्या ट्रॅक्टरवाल्या हातात गाडी द्यायला मात्र तयार नव्हता.

मी पोचलो तेव्हा ऊन कलायला आलं होतं. पत्रे तापलेले, वारा पडलेला. शेजारच्या रानात कुणी माणूस दिसत नव्हता. मी आधी सायलेन्सर तपासला. सगळे जोड घट्ट. गाडी चालू केली, काचा लावून आत बसलो. धुराचा वाससुद्धा नाही. वास होता तो वेगळाच, बंद खोलीत कुणी बरेच दिवस आजारी पडून असावं तसा.

आणि मग तो ठोका ऐकू आला.

ठक्… ठक्… ठक्…

खालून येत होता. जड. रॉडची बेअरिंग गेली की असाच आवाज येतो, म्हणून मी बॉनेट उघडलं. मोजपट्टीवर ऑइल बघितलं. पुरेसं होतं, मधासारखं स्वच्छ. बेअरिंग गेलेल्या इंजिनाचं ऑइल असं नसतं. मी ॲक्सिलरेटरची वायर ओढली. इंजिन ओरडायला लागलं, पण ठोका होता त्याच चालीत राहिला. सावकाश, थांबून थांबून.

इंजिन पळेल तसा ठोका पळायला पाहिजे. ठोका कुठल्या सिलिंडरचा ते कळावं म्हणून मी एकेका प्लगची वायर काढून बघितली. तिसऱ्या सिलिंडरची काढली, तसा ठोका एकदम जवळ आला.

इंजिनाचं पोट ऐकायचं तर आम्ही लांब स्क्रूड्रायव्हर लावतो. टोक लोखंडाला, मूठ कानाला. मी तसाच वाकलो.

आधी नुसती घरघर. मग ठोका. आणि ठोक्याच्या मागं, लांब विहिरीतून यावा तसा आवाज.

"दादा…"

मी मागं सरकलो. स्क्रूड्रायव्हर खाली पडला. मग उचलला. भावाचा आवाज होता, परत ऐकणं भागच होतं.

"दादा… बंद नको करू…"

मी घाबरून चावी फिरवली. गाडी बंद. शेडमध्ये अशी शांतता झाली की माझाच श्वास मला ऐकू यायला लागला. तेवढ्यात फोन वाजला. पुनम.

"भाऊजी, आत्ता यांची बोटं हलत होती. नर्सनं बी बघितलं. आता मशीन शिट्टी मारून राहिलीय… सगळे पळून राहिलेत…"

चावी फिरवली. इंजिन लागेना. पुन्हा फिरवली. पुन्हा. माझ्या तोंडून देवाचं नाव येत होतं की शिव्या, आठवत नाही. शेवटी एकदाचं लागलं. ठक्… ठक्…

"पुनम?"

"हाव… थांबली शिट्टी. हलून राहिलेत पुन्हा."

"फोन ठेवू नको."

आता तुम्हीच सांगा, मी काय करायचं? तापमानाचा काटा लाल पट्टीकडं सरकत होता. थांबवली नाही तर ही गाडी जळणार, मला दिसत होतं. थांबवली तर काय होणार, तेही माहीत होतं. रेडिएटरवर पोती टाकली, बादलीनं पाणी ओतत राहिलो. वाफ अंगावर येऊन हात भाजले. अंधारून आलं, तरी दिवा लावायला सुचलं नाही. ठोका वाढत चालला होता. आधी लोखंडावर लोखंड वाटायचं, आता दारावर मूठ आपटल्यासारखा. सगळी गाडी हलत होती.

मी पुन्हा कान लावला.

"दादा, हितं अजून एक जण हाय," हरिओम कुजबुजत म्हणाला. "त्यो म्हणतोय, पयले मी जातो…"

"जाऊ देऊ नको! हरिओम, तू ये, तू ये…"

मी लोखंडाला ओरडत होतो. त्याच क्षणी इंजिनानं हिसका दिला आणि जाम झालं. पट्टा तुटून पत्र्यावर आदळला. जळक्या रबराचा वास पसरला. मी चावी फिरवत राहिलो. काही हलेना.

खाली पडलेल्या फोनमधून पुनमचा आवाज येत होता. ती रडत होती, हसतही होती.

"भाऊजी… डोळे उघडले यांनी… पाणी मागून राहिलेत…"

मी तिथंच ऑइलमध्ये बसलो.

आठवड्याभरात हरिओम घरी आला. आमच्या मायनं, गुणाबाईनं, मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या. तो नीट चालतो, जेवतो, बोलतो. डॉक्टरांनी धुराचं पुन्हा विचारलं नाही. सगळे खूश होते. मीही स्वतःला सांगितलं, कानांनी काहीतरी भलतंच ऐकलं.

पण राहवेना. एका दुपारी मी इंजिन खोललं. बेअरिंग नव्यासारख्या, पिस्टनला चरा नाही. जाम झालेला क्रँक एका हातानं फिरला. आवाज करेल असं आत काहीच बिघडलेलं नव्हतं.

मागं पाहिलं तर दारात हरिओम उभा. केव्हा आला कळलं नाही.

"खोललंस व्हय?"

"हाव. बघत होतो, काय झालतं."

तो जवळ आला. तिसऱ्या सिलिंडरच्या काळ्या भोकात वाकून बराच वेळ बघत राहिला. राग नव्हता तोंडावर. कुणाची तरी काळजी वाटावी तसं बघत होता.

"आता त्यानं कुठं राहायचं?" म्हणाला.

"कुणी रे?"

तो घराकडं चालू लागला.

मी त्याच दिवशी इंजिन परत जोडलं, सगळे बोल्ट आवळले. पुनम हल्ली मायच्या खोलीत झोपते, आतून कडी लावून. का, ते मी विचारलं नाही. काल हरिओम बाजारात गेलेला बघून ती एकटीच शेडवर आली. ताडपत्रीवर हात ठेवून उभी राहिली. त्या रात्री मी इंजिनाला काय ओरडत होतो, ते तिनं फोनवर ऐकलं होतं. मग माझ्याकडं न बघता हळूच म्हणाली,

"भाऊजी… ही गाडी पुन्हा चालू होईल का?"