हुंकार देणारे

दार लोटून घ्या आणि जवळ सरका. ज्याच्यावर हे गुदरलं तो गिरिधर आता नाही, म्हणून नाव घेऊन सांगायला हरकत नाही.

फसली सन तेराशे सत्तेचाळीस, म्हणजे इसवी एकोणीसशे अडतीस, पौषातली अमावास्या, सोमवार. निजामी अंमल होता आणि गिरिधर तहसिलीत अहलकार, म्हणजे कारकून होता. टेंभुर्णीच्या अलीकडे एका खेड्यात मराठी वाचनालय होतं. त्याला लोकल फंडातून मदत मिळायची, दिव्याच्या तेलापुरती आणि एका वर्तमानपत्रापुरती. वरून हुकूम आला, खर्चा कमी करा. आता साहेब लोकांच्या शिकारीचे तंबू, तंबूतल्या कोंबड्या आणि कोंबड्यांमागे धावणारे शिपाई यांना हात लावला तर राज्य बुडेल. राहता राहिलं वाचनालय.

तहसीलदारसाहेब पाहणीला मोटारीतून गेले आणि खाली न उतरता मोटारीतूनच परतले.

"वाचतं कोण तिथं? माणूस दिसला नाही," ते म्हणाले. "गिरिधर, दिवेलागणीला जाऊन बसा. कोणी येत नाही असा पंचनामा करा. बिलकुल देर नको. तुमच्या बढतीचा कागद माझ्याच टेबलावर आहे, आठवण असू द्या."

गिरिधर बैलगाडीनं निघाला. दिवस कलता पोचला तर सारं गाव माळावर, झोपड्यांत. दिवाळीनंतर प्लेगाचे उंदीर पडले होते. वाचनालयाची किल्ली रखमाजीकडं होती. रोज संध्याकाळी कंदिलापाशी बसून लोकांना मोठ्यानं वाचून दाखवायचा तो हाच.

"तुमचे मोठे साहेब आल्ते तवा गावात कुत्रंसुदिक नव्हतं," रखमाजी म्हणाला. "म्या मोटारीपाशी जाऊन म्हणलं, हुजूर, गाव माळावर हाय. तर म्हणतात, मंग पुस्तकं बी माळावर न्या, शेकायला होतील."

"ऐकायला किती जण यायचे?"

"पार ओट्यापस्तोर बसायचे. वाचणारा मी एकला, बाकीचे हुंकार देणारे. हुंकार आला न्हाई तर म्या पुढं वाचतच न्हाई. समोरचं झोपलं का मेलं, कसं कळावं?" तो हसला, आणि मध्येच थांबला. "निम्मे गेले, साहेब. माळापस्तोर पोचलेच न्हाईत."

गिरिधरला वाईट वाटलं. पण वाईट वाटणं आणि बढती ही दोन्ही एका खिशात मावतात, हे कारकुनाला शिकवावं लागत नाही. तो किल्ली घेऊन उठला. गाडीवानानं वेशीतच बैल वळवले. "उजाडलं की येतो," म्हणाला आणि गेला.

वाचनालय म्हणजे एकच लांबट खोली. गिरिधरनं कंदील लावला, सतरंजी अंथरली, आणि कोणी येण्याची वाट न पाहताच पंचनामा लिहून काढला. मग लिहिलेलं मोठ्यानं वाचून पाहायची त्याची कचेरीतली खोड.

"आज रोजी आम्ही समक्ष हजर राहून..."

"हं."

गिरिधर थांबला. पारवा असेल, असं म्हणून पुढं वाचू लागला.

"दिवेलागणीपासून वाट पाहिली..."

"हं."

या वेळी दोन आवाज. एक बाईचा.

कंदिलाच्या पलीकडं काळोख. त्या काळोखात कोणी तरी खोकलं. बांगडी वाजली. मग सगळं गप्प, वाचणाऱ्याची वाट पाहताना असतं तसं.

पुढचं वाक्य डोळ्यांसमोर होतं. त्याच्या तोंडून ते आपसूक निघालं.

"या जागी ऐकायला कोणीही येत नाही."

हुंकार आला नाही.

...

आला श्वासाचा आवाज. एक नाही. पुष्कळ. आधी भिंतीपाशी. मग अलीकडं. मग आणखी अलीकडं.

"पुढं...?"

पोराचा आवाज. अगदी कानाशी.

गिरिधरनं कागद चुरगाळला. उठून कपाटातून हाताला लागलं ते पुस्तक ओढलं. ते निघालं गुरांच्या रोगांवरचं. तो वाचू लागला. लाळ. खुरकूत. घटसर्प.

"हं."

श्वास मागं सरले. तो थांबला की पुढं यायचे. तो थांबला नाही. रात्रभर नाही.

सकाळी गाडीवान आला. गिरिधरनं आवाज बसलेल्या अवस्थेत नवा पंचनामा लिहिला, "ऐकायला येतात. पुष्कळ येतात." साहेबांनी तो न वाचताच बाजूला सारला. मदत तुटलीच. त्या हंगामात शिकारीला एक तंबू वाढला आणि गिरिधर मरेपर्यंत अहलकारच राहिला. त्या रात्रीची भीती पुढं निवली, पण साहेबांचं नाव निघालं की तो बाहेर जाऊन थुंकून यायचा. मेलेल्यांना गुरांचे रोगसुद्धा ऐकायचे होते, म्हणायचा, आणि या जित्याला चार ओळी वाचवेनात.

पण त्या सकाळचं एक राहिलंच. गाडीवान यायच्या आधी खिडकीतून उजेड आला, तेव्हा गिरिधरनं खाली पाहिलं. फरशीवर गाव उठल्यापासूनची धूळ होती. तिच्यात पावलं एकट्या त्याचीच. दारापासून सतरंजीपर्यंत, तिथून कपाटापर्यंत.

आणि खुणा होत्या. मांडी घालून बसल्याच्या. ओळीनं, पार मागच्या भिंतीपर्यंत. आल्याच्या नाहीत, गेल्याच्या नाहीत. नुसत्या बसल्याच्या.

सगळ्यांत पुढची लहानशी होती. सतरंजीला टेकलेली.

त्यानं तिच्यावर हात ठेवला. पौषातली पहाट, फरशी बर्फासारखी गार.

तेवढी जागा कोमट होती.