पाचव्याची जागा

२७ ऑक्टोबर २०२४, रविवार. हवा कोरडी, दुपारी उकाडा, संध्याकाळी समुद्राकडून बरा वारा. माझ्या वहीत त्या दिवशी एवढंच आहे, आणि खाली एक ओळ : 'अहिल्यावहिनींबरोबर धोंडीकडे. उजवी चप्पल. हिरवा दोरा, सात टाके.'

ललित, दीप्ती, तुम्ही दोघं परवा परदेशी फिरायला निघालात म्हणून ही वही काढली. नाहीतर मी हे कोणाला सांगत नाही.

वासुदेवभाऊ आणि अहिल्यावहिनी हे इथे आशागडला माझे शेजारी. भिंतीला भिंत. भाऊ डहाणू रोडला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते, मूळचे तलासरीकडचे. तिकडे चांगल्याला 'बेस' म्हणतात. भाऊंच्या तोंडात तर तो शब्द कायमचाच. जेवण कसं झालं? बेस. ताप उतरला का? बेस. कोणी मयताची बातमी आणली तरी आधी 'बेस' निघायचं आणि मग जीभ चावायचे.

तर त्या रविवारी दिवाळी तोंडावर आलेली. मी वाती-पणत्या आणायला डहाणू रोडला गेलो होतो. स्टेशनबाहेर वहिनी भेटल्या, हातात चप्पल, अंगठा तुटलेला. चपला शिवणाऱ्या धोंडीच्या पेटीपाशी दोघंही थांबलो.

"काळा दोरा संपला, ताई. हिरवा चालंल?" धोंडीने विचारलं.

"चालेल की. कोण बघतंय पायाकडे?"

तो शिवत होता आणि मी सहज विचारलं, "वहिनी, उझबेकिस्तान कसं झालं?" दोन दिवसांपूर्वीच परत आले होते ते. जन्मातली पहिली परदेशवारी.

वहिनी हसल्या नाहीत. "भाऊजी, एक विचारू? कोणाला 'येते' म्हटलं, तर जावंच लागतं का हो?"

मग सांगू लागल्या. मंगळवारी, बावीस तारखेला, दिवसभराची बस होती. सकाळी साडेसहाला निघायचं, जुने मदरसे, कबरी, बाजार, किल्ला असं सगळं बघून रात्री हॉटेलवर. माणसं अठ्ठावीस. गाईड एक तरुण मुलगी, हिंदी छान बोलायची. प्रत्येक ठिकाणाहून बस सुटताना ती डोकी मोजायची, आपल्या भाषेत. बीर, इक्की, उच, तोर्त, बेश... पाचाला बेश म्हणतात तिथे. भाऊंना एवढी गंमत वाटली की दर वेळी पाचव्यावर ते ओरडायचे, "बेस!" आणि ती मुलगी हसून म्हणायची, "हां अंकल, बेश!"

शेवटी किल्ला. तिथे जुना तुरुंग, म्हणजे विहिरीसारखा एक खोल खड्डा. तळाशी मातीचे पुतळे बसवलेले, कैद्यांचे. वर लोखंडी झाकण, आता कडेला टेकवून ठेवलेलं. गाईड म्हणाली, खड्डा पाच जणांचा. रोज रात्री वरून शिपाई मोजायचा. खालून एकेकाने आपला आकडा द्यायचा. पाचव्याचा आवाज आला की झाकण पडायचं. नाही आला, तर मोजणी अपुरी. मग दुसऱ्या रात्री पुन्हा. तिथले म्हातारे असं सांगतात.

"चारच तर दिसतायत. पाचवा पळाला काय?" भाऊंनी विचारलं.

"ती जागा रिकामीच ठेवतात, अंकल. कोणी भरत नाही."

निघताना वहिनींनी हात जोडले. घरातून निघताना, देवळातून निघताना आपण म्हणतो, तसं त्यांच्या तोंडून निघून गेलं, "येते हं."

"अगं, 'येते' काय? 'जाते' म्हण. परत यायचंय का इथे?"

"'जाते' म्हणू नये हो."

भाऊ कठड्यावरून वाकले आणि खड्ड्यात ओरडले, "ऐकलंत का? ही येतेय! पाचवी जागा धरून ठेवा!"

अख्खी बस हसली. वहिनी सोडून.

"त्या रात्रीपासून..." वहिनींचा आवाज बारीक झाला. "हॉटेलात. आता घरी. बारा वाजून दहा मिनिटांनी दाराबाहेर कोणीतरी मोजतं, भाऊजी. चारपर्यंत. मग थांबतं."

"भाऊंना येतं ऐकू?"

"येतं तर. हसतात. म्हणतात, बघ, तुझ्या माहेरचं माणूस न्यायला आलंय."

"मग तुम्ही काय करता?"

"तोंडात पदर कोंबते. पाच म्हटलंच नाही तर झाकण कसं पडेल?"

धोंडीने चप्पल पुढे केली. मी टाके मोजले. मला सवय आहे.

संध्याकाळी मी भाऊंना अंगणात गाठलं. "भाऊ, पुरे झाली चेष्टा. बाई वाळत चालली."

"अरे, विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची शपथ. माझ्या तोंडून पाच येणार नाही. झालं?"

शपथ त्यांनी पाळली. पण चेष्टा सोडली नाही. जेवताना वहिनींच्या ताटात पोळ्या वाढायचे. बीर. इक्की. उच. तोर्त. पाचवी हातात तशीच धरायचे आणि वहिनींच्या तोंडाकडे बघत बसायचे. वहिनी ताट सरकवून उठायच्या. भाऊ ती पोळी खायचे. भिंतीपलीकडून मला त्यांचं हसणं ऐकू यायचं. दिवाळीचे चारही दिवस हेच.

"काका, तुम्ही काहीच नाही केलंत?" दीप्ती, हे तू विचारणारच. मी वहीत लिहीत होतो.

आता ९ नोव्हेंबर, शनिवार. आकाश स्वच्छ. दव पडायला लागलेलं. पुढचं भाऊंनी मला तेरा वेळा सांगितलंय. तेराही वेळा एक शब्द इकडचा तिकडे नाही.

अकराला दोघं झोपले. वहिनी भिंतीकडून. भाऊ दाराकडून. त्या दिवशी भाऊ दमलेले होते. लगेच डोळा लागला.

बारा वाजून दहा मिनिटं.

बीर.

दाराबाहेर. हळू. ओल्या मातीतून यावा तसा आवाज.

इक्की.

वहिनींनी भाऊंचा दंड धरला. नखं रुतली. भाऊ अर्धवट जागे झाले.

उच.

कुत्री गप्प. पंखा फिरत होता, पण त्याची घरघर बंद.

तोर्त.

मग काही नाही.

रोज एवढ्यावर ते जायचं. त्या रात्री गेलं नाही. थांबलं. वाट बघत राहिलं... वहिनींचा श्वास ऐकू येत होता. बाहेर आणखी कोणाचा तरी...

वहिनींनी तोंडातला पदर काढला. भाऊंच्या कानाशी आल्या. अगदी हळू विचारलं,

"अहो... कडी नीट लावलीय ना?"

भाऊंनी कूस बदलली. झोपेतच म्हणाले,

"बेस."

...

लोखंडावर लोखंड पडलं. भाऊंच्या घरात तसं लोखंड नाही. तो आवाज मी माझ्या घरात ऐकला. घड्याळ बघितलं. बारा बारा.

भाऊंनी हात मागे टाकला. उशी गरम होती.

दिवा लावला. दाराची कडी आतून लागलेली. खिडकीचे गज शाबूत. मोरी रिकामी. भाऊंच्या दंडावर चार नखांच्या खुणा, आणि दारात एक चप्पल. डावी.

१० नोव्हेंबरला सकाळी नऊ वाजता पोलिसांत तक्रार दिली. अहिल्या, वय ५८, बेपत्ता. सोबत मी होतो.

२१ नोव्हेंबर, गुरुवार. सकाळी गारवा, धुकं. सात वाजून चाळीस मिनिटांनी भाऊ मोबाईल घेऊन माझ्या दारात आले. मोबाईल पुढे केला. सहलीच्या ग्रुपवर त्या गाईड मुलीने एक फोटो टाकला होता. तुरुंगाचा खड्डा वर्षातून एकदा साफ करतात, तळाशी हे सापडलं, भारतातलं दिसतं, तुमच्यापैकी कोणाचं राहिलंय का, असं तिने विचारलं होतं.

मी फोटो मोठा करून बघितला.

उजवी चप्पल. हिरवा दोरा, सात टाके.