पाचाच्या जागी सात

"लिहा!" अनुपमाने वही सासऱ्यांच्या मांडीवर ठेवली आणि पेन त्यांच्या बोटांत अडकवलं. "माहेरचा फोन मी अनुपमापासून पाच दिवस लपवला."

धोंडूबाबांनी एकदा सुनेकडे पाहिलं, मग खाली मान घालून ते लिहू लागले. सकाळचे सात वाजले होते. इस्पितळातून मुलुंडच्या घरी आणल्याचा आज बारावा दिवस, आणि वहीत हीच ओळ बाराव्यांदा!

यकृताचा कर्करोग. शस्त्रक्रियेची वेळ टळून गेलेली. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले होते, "रोज सकाळी त्यांच्याकडून एक ओळ लिहून घ्या. अक्षर सुटलं, शब्द चुकला, आकडा बदलला, तर विषार डोक्यात चढतोय असं समजा आणि लगेच फोन करा." ओळ कोणती, हे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. ती अनुपमाने निवडली.

"अगं, दुसरं काहीतरी लिहू दे ना त्यांना," नवरा नितेश पहिल्याच दिवशी वैतागला होता. "रामाचं नाव घाल."

"रामाचं नाव ते झोपेतही लिहितील. डोकं चालतंय का ते बघायचंय ना?"

सेवेत मात्र तिने कणभर कसूर केली नाही. बिनमिठाची पेज, वेळच्या वेळी पातळ औषध, टेपने मोजलेला सुजलेल्या पोटाचा घेर... सगळं काटेकोर. बाबा शुद्धीवर राहायलाच हवे होते. शिक्षा शुद्धीवर असलेल्या माणसालाच होते!

चौदा वर्षांपूर्वी तिच्याकडे मोबाईल नव्हता. माहेरचे फोन बाबांच्या मोबाईलवर यायचे. चतुर्थीच्या दिवशी कुडाळला तिची आई वारली. भाऊ चैतन्यने फोन केला आणि बाबांनी तो पोटात ठेवला. लग्न झालेल्या लेकीला आईचं तीन दिवसांचं सुतक; पण कानावरच आलं नाही तर ते लागत नाही. घरात गणपती, मोदक करणारे हात तिचेच! आईची चिता जळत होती तेव्हा अनुपमा नणंद माधुरीचे हात धरून फुगडी घालत होती... विसर्जनाहून परतल्यावर बाबांनी सांगितलं. ती धावत कुडाळला गेली, तर चैतन्यने दारातच विचारलं, "आता आलीस?" त्यानंतर त्याने तिचा एकही फोन उचलला नाही.

आणि काल? काल डॉक्टर म्हणाले, "जवळच्यांना बोलावून घ्या." बाबांनी नितेशला शपथ घातली : माधुरीच्या सासरी दहिसरला परवा गणपती बसतोय, विसर्जन होईपर्यंत तिला काही कळवायचं नाही. नितेशने मान डोलावली. स्वयंपाकघरात अनुपमाने ते ऐकलं आणि ती स्वतःशीच हसली. ठीक! मीही विसर्जनापर्यंत गप्प बसेन. येऊ दे तुमची लाडकी लेकही उशिरा!

बाबांनी पेन खाली ठेवलं. तिने वही उचलली. पाचाच्या जागी सात!

"बाबा, आज वार कोणता? मी कोण?"

"हात बरोबर आसा गो. डोक्याक काय जावक नाय," बाबा म्हणाले. "पाच नाय, सात. चैतन्याचो पयलो फोन दोन दिवस आधी इलो होतो. तेव्हा तुझी आवस जिती होती... तुझां नाव घेय होती."

अनुपमाने त्या सातावर बोट ठेवलं. आई हाक मारत होती! आणि चैतन्यला वाटलं, ताईने ऐकूनही पाठ फिरवली... चौदा वर्षं!

"मी येईन म्हणून सांगितलंत त्याला?"

"हो. म्हटलंय, निघतलीच ती."

तिने डोळे पुसले. मग माधुरीला फोन लावला.

"नको गो! तिच्या घराक गणपती..."

"तुमच्यासारखी वागून मी तुम्हाला सुटू देणार नाही, बाबा! तुमची मुलगी इथे येईल आणि तुमच्यासमोर ही वही वाचेल. हॅलो, माधुरी? असशील तशी नीघ. बाबा शुद्धीत आहेत तोवर."

दोन तासांनी माधुरी दारात उभी राहिली; हातांना मखराची चमकी तशीच चिकटलेली. तिने बापाला मिठी मारली, पोटभर रडली. मग अनुपमाने तिच्या हातात वही दिली.

"वहिनी, आजारी माणसाकडून हे लिहून घेतेस?"

"आजचं पान वाच. आकडा त्यांनी स्वतः बदललाय. आणि तुलाही विसर्जनापर्यंत काही कळवायचं नव्हतं त्यांना."

माधुरीने बापाकडे पाहिलं. बाबांनी नजर चुकवली नाही. फक्त मान हलवली.

"म्हणजे वहिनी माझ्याबरोबर फुगडी घालत होती तेव्हा..." माधुरीने वही मिटली. "आणि मलाही तसंच ठेवणार होतात तुम्ही? उठा, बाबा! चैतन्यदादाला फोन करा. आत्ता! उद्या तुमचं डोकं ठिकाणावर नसेल, मग वहिनीवर कोण विश्वास ठेवणार?"

चौदा वर्षांपूर्वीचाच तो नंबर. अनुपमाने तो पाठ म्हणून दाखवला. बाबांनी मोबाईल कानाला लावला.

"चैतन्य... मिया धोंडू. अनुपमाचो सासरो. फोन ठेव नको. तुझो पयलो फोन मिया तिका सांगूकच नाय. दुसरोय नाय. तिचो दोष नाय रे. माझो."

बाबांनी मोबाईल हळूच सुनेपुढे धरला.

"मी तुम्हाला क्षमा केलेली नाही," तो घेताना अनुपमा म्हणाली.

"माका ठावक आसा."

तिने मोबाईल कानाला लावला. पलीकडे कुणीतरी दबून रडत होतं. मग हलकेच शब्द आला...

"ताई?"